ओम्नी तापली म्हणून इंजिन काढायला धावू नका

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. ती खंबाटकीच्या चढावर तापली किंवा क्लचने दगा दिला, की 'वय झालं आता, इंजिन करून घ्या' हा सल्ला ठरलेला. वय बहुतेक वेळा झालेलं असतं ते रबरी पाइपांचं, रेडिएटरच्या कॅपमधल्या वायसरचं आणि क्लचच्या केबलचं.

'सीट भाजते, म्हणजे गाडी तापतेय' असं नवे मालक हमखास म्हणतात. या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखालीच बसवलेलं आहे; मे महिन्यात चटका बसणारच. तापमान काट्यावर बघायचं. पण काट्यावरही आंधळा विश्वास नको. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाइप फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी उतरू शकतो. वर गेलेला काटा चढावरच अचानक पडला, तर गाडी निवली असं समजून दामटू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पुरतं निवल्यावर पाणी बघा.

सगळ्यात चिवट गैरसमज थर्मोस्टॅटचा. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? काढून टाका, गाडी थंड राहील.' कित्येक गॅरेजांत हा इलाज अजून चालतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरवून ते लवकर कामाच्या तापमानाला आणतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही जास्त. शिवाय तापण्याचं खरं कारण झाकलं जातं, ते वेगळंच. बिघडला असेल तर नवा बसवा. संशय असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते बघता येतं.

खरा प्रश्न, गाडी तापते केव्हा? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागली की निवते, तर आधी पंखा, त्याचा स्विच आणि फ्यूज तपासा. वेगात असताना वाराच पंख्याचं काम करतो, म्हणून दोष लपतो. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा लांब पल्ल्यात तापते, तर रेडिएटर आतून क्षाराने चोंदलेला असू शकतो, वॉटर पंप थकलेला असू शकतो. पंखा 'डायरेक्ट' करून देणं हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

'पाण्याने भागतं, कूलंट कशाला' हेही तसंच. चोंदलेला रेडिएटर बहुधा बोअरच्या जड पाण्याचाच प्रताप असतो. कूलंट गंज आणि क्षार धरू देत नाही, उकळबिंदूही वाढवतो. कॅपसुद्धा नुसतं झाकण नाही. ती आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ११५ च्या पुढे जातं. वायसर कडक झाला की दाब टिकत नाही आणि धडधाकट गाडीही उकळते. याच दाबामुळे गरम असताना कॅप फिरवली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकतं किंवा तडकतं.

कुठेही गळती नसताना पाणी कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसत असेल, तर मात्र हेड गॅस्केट. तेव्हा चालढकल नको.

'गॅसवर चालवली की तापते' यातही पूर्ण तथ्य नाही. गॅस किटच्या व्हेपोरायझरला इंजिनाचंच गरम पाणी लागतं. त्यासाठी दोन जादा पाइप आणि चार जादा जोड येतात. गळती आधी तिथे शोधा.

आता क्लच. चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो. लोक म्हणतात, इंजिन तापलं. वास ओळखायला शिका. कूलंटचा वास गोडसर असतो, क्लच प्लेटचा जळक्या कागदासारखा उग्र. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणाऱ्याला दुसरा वास भेटतोच.

'गिअर कडक पडतो, म्हणजे गिअरबॉक्स गेला' हा महागडा गैरसमज. ओम्नीचा क्लच केबलवर आहे. केबल सैल पडली की क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खरखरतो. पण म्हणून ती कचकचून आवळली, तर पेडलला मोकळा खेळ उरत नाही, रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि नवी प्लेटही घसरू लागते. साधारण दीड-दोन सेंटिमीटर खेळ हवाच. प्लेट झिजते तसा हा खेळ आपोआप कमी होतो, म्हणून अधूनमधून बोटाने पेडल दाबून बघा.

आणि प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला, इंजिनाचा मागचा ऑइल सील गळतोय का तेही डोळ्यांनी बघा. सुट्या भागांचे पैसे वेगळे, मजुरी एकदाच लागते.