यंत्र पुसण्यापूर्वीं

पवना नदीचें पाणी अडवून मावळांत जें धरण बांधलें गेलें, तें १९७२ च्या सुमारास पुरें झालें. पाणी चढण्यापूर्वीं खोऱ्यांतील कुटुंबांना राहतीं घरें सोडावीं लागलीं. अशा वेळीं माणूस भांडीं घेतो, गुरें घेतो, देवघरांतील टाक घेतो. जें विसरतें तें पाण्याखालीं जातें. जलाशयांत बुडालेलें वाघेश्वराचें जुनें देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पुन्हां दिसूं लागतें हें खरें, परंतु असें भाग्य बुडालेल्या प्रत्येक वस्तूच्या वांट्यास येत नाहीं.

हाच प्रसंग, लहान प्रमाणावर कां होईना, आज घरोघरच्या संगणकावर येतो. यंत्र मंदावतें, मध्येंच थांबतें, दुरुस्ती करणारा येतो आणि म्हणतो, “फॉरमॅट मारावा लागेल.” विंडोज टेन या प्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्यामुळें तर जुन्या यंत्रांच्या बाबतींत हा सल्ला अधिकच ऐकूं येतो. पवनानगरच्या बाजारपेठेंतील दुकान असो कीं पुण्यांतील सदनिका असो, प्रश्न एकच: पुसण्यापूर्वीं बाहेर काय काढावयाचें?

प्रथम पुसणें म्हणजे काय तें पाहूं जातां असें दिसतें कीं, संगणकाची डिस्क ही एखाद्या ग्रंथालयासारखी असते. शीघ्र फॉरमॅटमध्यें केवळ ग्रंथांची सूची नाहींशी होते. ग्रंथ कपाटांतच असतात, आणि त्यांच्या जागीं नवे येईपर्यंत कुशल माणूस त्यांतील कांहीं परत मिळवूं शकतो. पूर्ण फॉरमॅटमध्यें मात्र प्रत्येक जागेवर शून्यें लिहिलीं जातात. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कची गोष्ट आणखी निराळी. कोणती जागा मोकळी झाली हें संगणकच तिला कळवितो, आणि ती डिस्क आपणहून ती जागा साफ करूं लागते. तेव्हां गेलेलें पुढें सांपडेल या भरंवशावर राहणें धोक्याचें होय.

छायाचित्रें आणि कागदपत्रें बहुतेक लोक आठवणीनें उतरून घेतात. चूक होते ती ई-मेलच्या बाबतींत. ई-मेल ठेवण्याच्या रीती दोन. एका रीतींत पत्रें दूरच्या कचेरींतील यंत्रावरच राहतात आणि घरच्या पडद्यावर केवळ दिसतात. जीमेल ब्राउझरमधून पाहणाऱ्यांचें असेंच असतें. तेथें घरचें यंत्र पुसल्यानें पत्रांस धक्का लागत नाहीं. दुसरी रीत जुनी, पॉप नांवाची. तींत घरचें यंत्र टपाल उतरवून घेतें आणि पुष्कळदां मागें कांहींच ठेवीत नाहीं. पोस्टमननें घरीं दिलेलें पत्र पोस्टांत उरत नाहीं, तसेंच हें. आउटलुकमध्यें अशीं पत्रें पीएसटी नांवाच्या एका धारिकेंत सांठतात. थंडरबर्डमध्यें तीं प्रोफाइल या संग्रहांत असतात, आणि तो संग्रह ॲपडेटा नांवाच्या झांकलेल्या कप्प्यांत असल्यामुळें वरवर पाहणाऱ्यास दिसतच नाहीं.

घरांत कोणती रीत चालू आहे हें ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. दुसऱ्याच एखाद्या यंत्रावर ब्राउझरमधून आपली टपालपेटी उघडावी आणि दहा वर्षांपूर्वींचें एखादें पत्र शोधावें. सांपडलें तर चिंता थोडी. न सांपडलें तर तें पत्र बहुधा घरच्या डिस्कवरच आहे असें समजून चालावें.

ही काळजी क्षुल्लक नव्हे. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न धरणास अर्धशतक उलटल्यावरही मिटला नव्हता. अशा कुटुंबांत आजोबांच्या नांवचा सातबारा, संपादनाची नोटीस, एखाद्या अर्जाची पोच यांचें छायाचित्र नातवानें कधींकाळीं ई-मेलनें पाठविलेलें असूं शकतें. मूळ कागद वाळवीनें किंवा पावसानें गेला असेल तर तें एक पत्र म्हणजेच हक्काचा उरलेला दुवा. तें पुसलें जाणें म्हणजे केवळ आठवण जाणें नव्हे.

यानंतर येतो तो घराच्या वहिवाटीचा भाग. ब्राउझरमधील खुणा आणि सांठविलेले पासवर्ड, पत्त्यांची वही, टपाल वेगळें करण्याचे नियम, शब्दकोशांत घातलेले स्वतःचे शब्द, मराठी कळफलकाची मांडणी, हें सारें धारिका म्हणून डोळ्यांसमोर नसतें. म्हणूनच तें मागें राहतें. मराठी घरांत फॉन्टचा प्रश्न तर विशेष जिव्हाळ्याचा. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली आणि तींत देवनागरी होती. तथापि श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांतील लेखन पुढें कित्येक वर्षें चालू राहिलें. या जुन्या फॉन्टांत देवनागरी वळणें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असतात. लेख वांचला आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून फॉन्टही उतरून घ्यावा, आणि महत्त्वाचा लेख युनिकोडमध्यें किंवा पीडीएफ रूपांतही करून ठेवावा.

किल्ल्यांची आठवण शेवटीं होते, ती आधीं व्हावी. कित्येक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलुपबंद असते. बिटलॉकरचा ४८ अंकी क्रमांक हाताशीं नसेल, तर ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास लावली तरी वाचतां येत नाहीं. हा क्रमांक, विकत घेतलेल्या प्रणालींचे परवाना-क्रमांक आणि ई-मेलच्या खात्यास जोडलेला फोन कोणता, हें सारें कागदावर लिहून कपाटांत ठेवावें.

प्रती किती असाव्यात? पीटर क्रोग या छायाचित्रकारानें रूढ केलेला नियम असा: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकीं एक घराबाहेर. या नियमाचें मर्म मावळास अपरिचित नाहीं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. आणि त्यांचे अभंग संताजी जगनाडे यांनीं आपल्या हातानें उतरून ठेवले, अशीही परंपरा सांगते. त्या संताजींची समाधि मावळांतच, सुदुंबरें येथें आहे. एका हातीं असलेलें दुसऱ्या हातींही असावें, एवढाच याचा बोध.

परंतु उतरविलेली प्रत उघडून पाहिल्यावांचून तिला प्रत म्हणूं नये. बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी. तीवरील एक जुनें पत्र, एक छायाचित्र व एक मराठी लेख उघडून वाचावा. तिन्ही उघडले, तरच दुरुस्ती करणाऱ्यास होकार द्यावा. त्यांतही शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूंच नये. नवी डिस्क बसवून घ्यावी, आणि जुनीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती सहा महिने कपाटांत ठेवावी. काय विसरलें होतें, तें बहुधा त्या सहा महिन्यांतच आठवतें.