वाचता येते, हे कसे ओळखावे?

पहिली-दुसरीतील मूल धडा घडाघडा म्हणू लागले की पालक निश्चिंत होतात. परंतु पुष्कळदा ते निव्वळ पाठांतर असते. धड्यातील मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवले की मूल अडखळते. म्हणून परीक्षेचा उतारा अपरिचित असावा आणि प्रत्येकाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकावे.

२००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीची रीत सोपी आहे. आरंभी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद द्यावयाचा; तो साधल्यास दुसरीच्या पातळीची गोष्ट, न साधल्यास सुटे शब्द आणि शेवटी अक्षरे. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे, ते थोड्याच वेळात कळते.

लेखनाचेही तसेच. ‘पाणी’ हा शब्द सांगितला असता ‘पाणि’ लिहिणाऱ्याला ध्वनी उमगलेला असतो, फक्त दीर्घ वेलांटी चुकलेली असते. ‘पान’ लिहिणाऱ्याची वेलांटीशी ओळखच कच्ची असते. दोघांनाही सारखीच फुली मारली, तर दोघांचेही नुकसान होते.

पुढील इयत्तांत गणित, भूगोल सारे वाचूनच शिकावयाचे असते. तेथे अडलेले मूल नाहक आळशी ठरते. उद्याचा पाठ कोठून सुरू करावा, हे शिक्षकाला कळले की परीक्षेचे सार्थक झाले.