औषधलेखनाचा अधिकार (महाराष्ट्र)

आधुनिक औषधे लिहून देण्याचा डॉक्टरांचा अधिकार भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’ या व्याख्येवर अवलंबून असतो. मूळ अधिनियमाच्या कलम ३८ नुसार हे नियम व त्यांतील दुरुस्त्या संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनकाळात एकूण ३० दिवस ठेवाव्या लागतात. दोन्ही सभागृहांचे एकमत झाल्यास त्या बदलता किंवा रद्द करता येतात.

पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल (१९९६) या खटल्यात रुग्णाचा मृत्यू झाला होता. होमिओपॅथी व्यवसायीने अ‍ॅलोपॅथी औषधे देणे हा निष्काळजीपणा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने राज्य कायद्यांत दुरुस्ती करून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी व्यवसायींना मर्यादित मुभा दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.