आजीचं बर्फ आणि जानेवारी १९३५ चा पाला

आमच्या आजीची एक गोष्ट मी बरीच वर्षं थापच समजत होतो. ती म्हणायची, "माझं लग्न ठरलं त्या साली माळव्यात बर्फ पडलं होतं." मी शाळेत भूगोल शिकलेला नातू, इंदूर-देवासकडे बर्फ पडत नाही, हे मला ठाऊक होतं. तिचं गाव देवासजवळचं, लहानसं. मी हसायचो आणि ती गप्प व्हायची.

पुढे इतिहासाचा नाद लागला, तेव्हा तिचं सांगणं वहीत उतरवून घेतलं. ते असं: संक्रांत नुकतीच झाली होती, घरी हळदीकुंकू ठरलं होतं. रात्री आभाळ स्वच्छ, चांदण्या ठसठशीत, वारा अगदी पडलेला. पहाटे अंगणातल्या घमेल्यात पाण्यावर काचेसारखा थर. कौलं, गवत, गंजीवरचा कडबा, सगळं पांढरं. "चिंचेखालचं गवत मात्र हिरवंच होतं." ओढ्याकाठचा हरभरा ऊन चढल्यावर काळा पडला, टेकाडावरचा वाचला.

या शेवटच्या दोन गोष्टींतच सगळं उत्तर आहे. बर्फ ढगांतून पडतं, त्यामुळे त्या रात्री आभाळ निरभ्र राहिलं नसतं आणि ओढ्याकाठ व टेकाड असा भेदही झाला नसता. आजीनं पाहिलं ते गोठलेलं दव. महाराष्ट्रात त्याला हिमदव म्हणतात, आमच्याकडे पाला. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे "पाला पडला" ऐकून झाडाखाली बघतात, हा आमच्या घरचा जुना विनोद आहे.

पाला पडतो कसा? हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे हवेचे झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या मागून वायव्येचे कोरडे, गार वारे मध्य भारतापर्यंत उतरतात. मग एखाद्या रात्री वारा थांबला आणि ढग नसले, की जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. ढग असते तर त्यांनी पांघरुणाचं काम केलं असतं. चिंचेनं तेवढ्या जागेपुरतं तेच केलं. गार हवा जड असते. ती उतारावरून खाली येऊन ओढ्याकाठी साचते. म्हणून खालचं शेत जळालं, वरचं वाचलं.

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पेटीत असतो. अशा रात्री गवताच्या पातीजवळ त्याहून तीन-चार अंश कमी भरू शकतात. त्यामुळे पेपरात ३ अंश छापून येतात आणि शेतात मात्र पाला पडलेला असतो. पानातलं पाणी गोठलं की पेशी फाटतात आणि उन्हात पान उकडल्यासारखं लोळतं. फुलावर-घाट्यावर आलेला हरभरा यात आधी जातो. पोटरीत न आलेला गहू बराच तग धरतो. जुने शेतकरी मध्यरात्रीनंतर बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करत, किंवा संध्याकाळी हलकं पाणी देत, कारण ओली जमीन ऊब जास्त वेळ धरते. आजीच्या वडिलांनी धूर केला तो उजाडताना. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता साल कोणतं? आजीच्या लग्नाची पत्रिका १९३६ ची, आणि लग्न "एक वर्ष लांबलं" हे ती नेहमी सांगायची. नोंदी पाहिल्या तर १६ जानेवारी १९३५ ला इंदुरात पारा शून्याखाली गेला होता. त्याच दिवशी दिल्लीत उणे ०.६ आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात १.७ अंश नोंदले गेले. पुण्याचा तो नीचांक अजून मोडलेला नाही. संक्रांतीनंतरचे दोन-तीन दिवस! आजीची तिथी आणि तापमापकाची तारीख इतकी जवळ बसते.

लग्न लांबलं कारण हरभऱ्याच्या पैशावर ते व्हायचं होतं. पण घरात बोललं गेलं ते वेगळंच: "मुलगी ठरली आणि पीक गेलं." पायगुणाचा हा शब्द आजीनं जन्मभर ऐकला. दिल्लीपासून पुण्यापर्यंत उतरलेल्या थंडीचा दोष पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीच्या कपाळी मारला गेला होता.

जानेवारी २०११ मध्ये मध्य प्रदेशात पाल्यानं हरभरा आणि तुरीचं मोठं नुकसान झालं. तेव्हा मी आजीच्या गावी गेलो होतो. ओढ्याकाठचं तेच शेत काळं पडलं होतं, टेकाडावरचं हिरवं होतं. हे तिला सांगायला ती नव्हती.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात १९३५ च्या जानेवारीची पत्रं, रोजमेळ, शेतीच्या वह्या असतील तर जरूर काढून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "बर्फ पडलं होतं" म्हणालं, तर हसू नका. आभाळ कसं होतं आणि झाडाखाली काय दिसलं, एवढं तेवढं विचारून घ्या.