उलटं पायडल

मार्गशीर्षातली दशमी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दहाची पाऊणपट साडेसात. त्यात अष्टमी नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे भांगाचं पाणी, ओढ बेताची. नवं यंत्र पहिल्यांदा खाडीत घालायचं तर अशीच तिथी धरावी. सहाच्या सुमारास मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र बोरिवलीच्या गोराई जेट्टीपाशी पोचलो, तेव्हा पलीकडे पॅगोड्याचा कळस अंधारातून जेमतेम दिसायला लागला होता.

मित्राकडे आता दोन कयाक आहेत. एक जुनी, हाताच्या वल्ह्याची. दुसरी नवी, पायाने चालवायची. मासेमारीचं वेड त्याला माझ्याहून जुनं, पण त्या दिवशी नवी होडी त्याने माझ्या हवाली केली आणि स्वतः जुनी घेतली. ‘दोन्ही एकाच पाण्यात चालू देत, मग बोलू,’ एवढंच म्हणाला.

नवी कयाक जाड प्लास्टिकची, साडेतीन मीटरच्या आसपास लांब. बसायच्या जागेपुढे तळाला आरपार खाच आहे, तिच्यात ते यंत्र वरून बसवायचं आणि खिट्टी लावायची. वर सायकलसारखी दोन पायडलं, मधून खाली जाणारा दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला आडवा दोन पात्यांचा पंखा. पायाची फिरकी वरच्या दातेरी चक्रांतून दांड्यात आणि दांड्यातून खालच्या चक्रांनी पंख्यात उतरते. पायडलाचा एक फेरा झाला की पंख्याचे दहाएक होतात. मी जेट्टीवरच ते यंत्र मांडीवर घेऊन हाताने फिरवून पाहिलं. पुढे फिरवलं, पंखा गरगरला. मागे फिरवलं, पंखा तितक्याच तत्परतेने उलटा गरगरला. सायकलचं पायडल मागे मारलं तर नुसता कटकट आवाज येतो, कारण मागच्या चाकात फ्री व्हील असतं. इथे ते नाही. पाय आणि पंखा यांची गाठ दोन्ही दिशांना पक्की आहे. या यंत्राची सगळी करामत या एका नसलेल्या वस्तूत आहे.

पायाने होडी हाकणं ही काही आजची कल्पना नाही. म्यानमारच्या इनले तलावावर इंथा मच्छीमार एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने वल्हं मारतात, कारण हात जाळ्यासाठी मोकळे हवेत. कयाकवर हीच गरज अमेरिकेतल्या होबी कंपनीने १९९७ मध्ये ‘मिराज ड्राइव्ह’ने भागवली. पायाने दट्टे ढकलायचे आणि तळाखाली पेंग्विनच्या परांसारखी दोन पाती आडवी फडफडायची. पण ती पाती फक्त पुढे नेत. मागे जायची सोय त्यांच्यात २०१६ मध्ये आली. दोरी ओढली की पाती अर्धा फेरा फिरून उलट तोंड करतात आणि पाय आधीसारखेच चालवायचे. पंख्याच्या यंत्राला दोरी लागत नाही, पाय उलटे फिरवले की झालं. हातात ताणलेली गरी असताना दोरी शोधावी लागणं आणि न लागणं, यात मला मोठा फरक वाटतो.

मागे जाण्याचं एवढं कौतुक कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. पवईसारख्या साठलेल्या पाण्यात मलाही तेच वाटलं असतं. १८९१ सालचा तो तलाव गळवाल्यांची जुनी जागा, पण तिथलं पाणी कुणाला ओढून नेत नाही. खाडीचं पाणी एक घटकाही स्वस्थ बसत नाही. आणि मासा तर नेमका अडचणीत बसतो: तिवरांच्या मुळांत, पडक्या धक्क्याच्या दगडांत, बोक्षी जाळी बांधायच्या जुन्या खुंटांपाशी. गळवाल्याला त्या अडचणीपासून दहा-पंधरा हातांवर राहायचं असतं. जवळ गेला तर मासा बुजतो, लांब राहिला तर आमिष पोचत नाही. पाणी मात्र त्याला त्या खुंटाकडेच ढकलत असतं. नांगर टाकला तर आवाज होतो, चिखल उठतो, आणि छोट्या कयाकचा नांगर धारेत अडकला तर होडी एका बाजूला झुकून पाणी भरायची भीती.

साडेसहाला आम्ही उतरलो तेव्हा भरतीचा शेवटचा भाग आत येत होता. चार पायडलं मारली आणि होडी चालू लागली. पाठ टेकलेली, पाय समोर, मांड्यांचा जोर थेट पाण्यात जातो, हातांना काही काम नाही. जेट्टीवरून सुटलेली पहिली फेरीबोट शेजारून गेली, तिच्या लाटा तिरक्या घेण्यापुरतं डाव्या हाताने सुकाणू वळवलं. मित्र वल्ह्याने माझ्याबरोबर येत होता, पण दर पाच मिनिटांनी थांबत होता.

आत तिवरांच्या कडेला तीन काळे खुंट उभे आहेत. पाणी आमच्या पाठीमागून येऊन त्यांच्याकडे वाहत होतं. मी नाळ खुंटांकडे धरली आणि पाय हळूहळू उलटे फिरवायला लागलो. जोरात नाही, अगदी घरात खुर्चीवर बसून पाय हलवावेत तसे. धार पुढे ढकलते आहे, पंखा मागे ओढतो आहे. पाण्यावरचं एक पिवळं पान माझ्या बाजूने पुढे गेलं, खुंटाला लागलं, वळसा घालून दिसेनासं झालं, आणि मी जिथल्या तिथेच. त्या क्षणी मला हे यंत्र कळलं. उलटं पायडल मागे जाण्यासाठी नाहीच मुळी, ते थांबण्यासाठी आहे.

पहिला मासा लागला तो मित्राला. गरी वाकली, त्याने दोन्ही हातांनी ती उचलली आणि वल्हं मांडीवरून घसरून दोरीवर लोंबकळायला लागलं. मासा खुंटाकडे पळत होता आणि होडीलाही ओढत नेत होता, त्यात पाठीमागून धार. मोजून पाच-सहा श्वासांत त्याची कयाक खुंटाला टेकली आणि दोरा तुटला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला तिसरा हात हवा होता.

वीसेक मिनिटांनी माझ्या गरीला झटका बसला. आणि मी घाबरून पाय पुढे मारले. सायकलची इतक्या वर्षांची सवय, धक्का बसला की पाय पुढेच जातात. होडी खुंटाकडे एक हात सरकली, तेव्हा भान आलं. उलटे पाय मारले, या वेळी दम लावून. होडी थांबली, थरथरली, मग मागे सरकायला लागली. दोरा ताणलेला, गरी वाकलेली, आणि खालचा मासा माझ्याबरोबर उघड्या पाण्यात येतो आहे, हे हातांना कळत होतं. दोन होड्यांच्या लांबीइतकं मागे आल्यावर तो अडचणीबाहेर होता, मग सगळं काम गरीचं. तांब निघाली, किलोभराची असेल, कल्ल्यांपाशी तांबूस, पाठीवर गडद. मित्राने स्वतःचा मासा गेल्याची हळहळ बाजूला ठेवून जाळी पुढे केली.

एवढ्यात बोक्षी बघायला निघालेले एक म्हातारे नाखवा त्यांच्या होडीतून जवळ आले. माझे पाय बघत राहिले.

“मागं पण जाते का रे ही?”

“जाते नाखवा. बघा.” मी दाखवलं.

त्यांनी मान हलवली, आणि हातातलं वल्हं पाण्यात उभं रोवून मनगटाने जरासं फिरवलं. त्यांची होडी जागेवर थांबली, मग सरळ मागे गेली. “आमी बी जातो,” ते म्हणाले, आणि मग माझ्या पायांकडे बोट दाखवून: “पन हात मोकलं नसतात.” त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा नेमकं आहे. मनगटाचं ते कसब यायला त्यांचं सगळं आयुष्य गेलं आहे. ते मला कधी येणार नाही, आणि कुठलंही यंत्र त्याची जागा घेईल असंही मला वाटत नाही.

आता यंत्राच्या उण्या बाजू. पंख्याची पाती पुढे जाण्यासाठी वळवलेली असतात, त्यामुळे उलट दिशेला त्यांचा जोर कमी पडतो. त्या दशमीच्या पाण्याला तो पुरला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, जेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं, तेव्हा मी त्याच्या भरवशावर खुंटांपाशी जाणार नाही. मागे जाताना नाळ हलकेच एका बाजूला वळत राहते, एकच पंखा असला की असं होतंच. सुकाणूही उलट धारेने हिसका मारतं. ते मधोमध घट्ट धरावं लागतं. आणि सुकाणूचं पातं दगडाला लागलं तर वर उचललं जाईल अशी त्याची बिजागरी असते, पण ती पुढे जातानाच उपयोगी. मागे जाताना पातं खाली रुतलं तर ते वाकेल, म्हणून उथळात उलटं जाऊच नये.

सगळ्यांत मोठं विघ्न आपणच घातलेलं आहे. परत येताना अचानक पायडलं जड झाली, मग अडकलीच. पंख्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती. उलटे फेरे मारले तशी ती सुटायला लागली, अर्धी आली, उरलेली यंत्र वर घेऊन हाताने काढली. पिशवीखाली जुन्या नायलॉन जाळ्याचा तुकडाही होता, त्याला सुरी लागली. खुंटांपासून जेट्टीपर्यंत हे तीनदा झालं.

नऊच्या पुढे ओहोटीने जोर धरला. कडेचा चिखल उघडा पडायला लागला, निवट्या उड्या मारायला लागल्या. पंखा तळाखाली दीड फूट जातो. पाणी त्याहून कमी झालं की पंखा चिखल कापतो आणि पायांना ते लगेच कळतं. फडफडणाऱ्या पात्यांची यंत्रं इथे सरस, कारण एक दट्ट्या पूर्ण पुढे दाबला की ती पाती तळाला चिकटून बसतात. आमचं यंत्र मात्र उचलून होडीत आडवं ठेवावं लागलं आणि शेवटचे शंभर-दीडशे हात मी वल्ह्यानेच मारले.

माझा निर्णय असा. एकट्याने, अडचणीच्या जागी, वाहत्या पाण्यात गळ टाकणाऱ्याने मागे जाणारंच पायडल घ्यावं. फक्त पुढे जाणारं घेऊ नये. पहिले चार दिवस भांगाच्या तिथीला जावं, मासे विसरून नुसतं एका खुंटापुढे थांबायचा सराव करावा, म्हणजे झटका बसल्यावर पाय आपोआप उलटे जातील. अंगात लाइफ जॅकेट, कमरेला सुरी, आणि होडीत वल्हं, ही तिन्ही असल्याशिवाय जेट्टी सोडू नये.