मिळकतीत बाईचा वाटा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

2015-16च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी स्त्रिया जेमतेम 14 टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बायका याहून कितीतरी जास्त. कायदा बाजूने असूनही ही तफावत उरते, त्यात वाटणीच्या वेळी घरोघरी ऐकू येणाऱ्या समजुतींचाही हात आहे. हिंदू वारसा कायद्यापुरत्या त्या तपासून पाहू.

गैरसमज: लग्न झालं की माहेरचा हक्क संपला.
वस्तुस्थिती: संपत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला; मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असणंही गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

गैरसमज: वडिलांच्या प्रत्येक मिळकतीत मुलीचा वाटा असतोच.
वस्तुस्थिती: वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. तेव्हा मुलीप्रमाणे मुलालाही हक्क सांगता येत नाही. मृत्युपत्र नसेल, तर मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई यांना समान वाटा मिळतो.

गैरसमज: लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा.
वस्तुस्थिती: लग्नखर्च वारसाहक्कातून वजा करण्याची तरतूद कायद्यात नाही. हुंडा तर 1961च्या कायद्याने गुन्हाच आहे. बहिणीने तोंडी ‘मला काही नको’ म्हटल्यानेही हक्क जात नाही. जमीन-घरावरचा हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. पण एकदा ते झालं की मागे फिरणं फार अवघड. माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही पुढे आयुष्यभर भोवते.

गैरसमज: सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे मालकी नाही.
वस्तुस्थिती: फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती नष्टही होत नाही. तरी नोंद हवीच. पीककर्ज, विमा, भूसंपादनाचा मोबदला हे सगळं सातबाऱ्यावरच्या नावाभोवती फिरतं. पती गेल्यावर वारसनोंद रखडली, तर कसणारी बाई सरकारदरबारी शेतकरीच ठरत नाही. बहिणींची नावं कब्जेदार सदराऐवजी ‘इतर हक्कां’त टाकली जातात, तेही तपासावं. पती हयात असतानाच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता यावं, यासाठी शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली होती आणि राज्य सरकारनेही पुढे त्या नावाची योजना आणली.

गैरसमज: नाव लागलं की बाई सक्षम झाली.
वस्तुस्थिती: नावाने फरक पडतो, हे खरं. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास बोलका आहे. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, अशा 49 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक हिंसा झाल्याचं सांगितलं. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10 टक्के आणि दोन्ही असलेल्यांत 7 टक्के होतं. तिला जायला हक्काची जागा आहे, हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं.

पण नुसतं नाव पुरेसं नाही. महाराष्ट्रात 2021 पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. केवळ तेवढ्यासाठी तिचं नाव दस्तावर आलं आणि भाडं, कर्ज, विक्री यांचे निर्णय दुसराच घेत राहिला, तर ती मालकी कागदापुरतीच. दस्त कुठे ठेवलाय, भाडं कोणाच्या खात्यात येतं, विकायचं झालं तर विचारतं कोण, यावरून खरी मालकी कळते.

म्हणून बायांनो, पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि आपल्या शेताचा सातबारा एकदा स्वतः काढून पाहा.