ठिपक्यांची अक्षरं झाली

पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत टॅटूवाल्याच्या दुकानाला फार काही लागत नाही. एक खुर्ची, एक प्लास्टिकचं स्टूल, बॅटरीवर घरघरणारं मशीन आणि मागे दोरीला टांगलेला नमुन्यांचा फ्लेक्स. फ्लेक्सवर वाघ, त्रिशूळ, गुलाब, बदामात घुसलेला बाण. खुर्चीत बसलेल्या पोराला यातलं काहीच नको असतं. त्याला हातावर 'जय सेवालाल' हवं असतं, शिरोरेषेसकट, ठळक. त्याच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या म्हातारीच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, हिरवट, कडांना थोडे पसरलेले. तिच्या ठिपक्यांना कुणी नमुना दाखवला नव्हता आणि बहुधा तिला विचारलंही नव्हतं. गोंदताना ती पोरसवदा असेल.

नातवाची अक्षरं आणि आजीचे ठिपके, दोन्ही 'आम्ही कोण' हेच सांगतात. फरक आहे तो कुणाला सांगतात याचा. ठिपके घरच्यांसाठी होते. अक्षरं परक्यांनी वाचावीत म्हणून काढलेली असतात.

वाशीम जिल्ह्यात हे पाहायला मिळतं त्याला कारण आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सरकारी कागदांत बहुतेक वेळा मागासलेपणाच्या यादीत सापडतो. पण मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी देशभरातल्या बंजाऱ्यांची काशी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे. तेलंगण-कर्नाटकातल्या तांड्यांवरून गाड्या भरून लोक येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकारच नगाऱ्याचा आहे. फेटिया, कांचळी, टुकरी असा बंजारा पोशाख ल्यालेल्या बायका आजही यात्रेत दिसतात, आता मात्र बहुतेक म्हाताऱ्या. त्यांच्या अंगावरचा सगळ्यात जुना दागिना म्हणजे गोंदण. चांदी अडचणीत सावकाराकडे जाते. गोंदण कुणाकडे गहाण पडत नाही.

मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात, फक्त गोंदण सोबत येतं, ही समजूत बंजाऱ्यांपुरती नाही. वऱ्हाडातल्या कुठल्याही जातीच्या म्हातारीला विचारा, ती हेच सांगेल. कुणब्याच्या घरी हातावर तुळस गोंदलेली असायची, कुणाच्या पोटरीवर विंचू, कुणाच्या कपाळावर नुसती टिकली. कपाळ पांढरं पडलं तरी ही टिकली पुसता येत नाही, हाही त्यातला एक न बोललेला भाग असावा, असं मला नेहमी वाटतं.

गोंदणारी बहुतेक वेळा बाईच असे. गोंड मुलुखात हे काम ओझा जमातीच्या बायका करत. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याचं काजळ धरायचं, त्यात पाल्याचा रस घालायचा आणि टोचत जायचं. वर हळद. पोर रडायला लागली की दोघीतिघींनी तिला धरून ठेवायचं.

आता प्रश्न असा, की काजळ काळं आणि गोंदण हिरवं कसं? आपल्या कातडीचा वरचा थर महिन्याभरात झडून नवा होतो. सुई त्याच्याखाली, आतल्या थरात पोचते. शरीराला ते काजळ परकं वाटतं, म्हणून रक्षक पेशी धावत येतात आणि कण गिळून बसतात. कण मोठे असल्यामुळे पचत नाहीत. ती पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. पन्नास-साठ वर्षं ही हातबदली चालू असते, म्हणून गोंदण टिकतं. त्या गडबडीत थोडे कण इकडेतिकडे सरकतात, म्हणून म्हातारीच्या ठिपक्यांच्या कडा फिसकटतात. रंगाचा खेळ प्रकाशाचा आहे. तांबडा प्रकाश खोल जाऊन काजळात मुरतो, निळसर प्रकाश कातडीतूनच विखरून परत येतो. काळं घालावं आणि हिरवं उमटावं, ते त्यामुळे. थोडक्यात, आपलं शरीर ज्याला हाकलू पाहतं आणि हाकलू शकत नाही, तेच आपण ओळख म्हणून मिरवतो.

याच गोंदणाकडे सरकारची नजर गेली तेव्हा गोष्ट बदलली. ईस्ट इंडिया कंपनीने 1797 च्या नियमाने बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली. शिक्षेचं नावही 'गोदना'. बायका हौसेने किंवा रीत म्हणून करत ते कंपनीने उचललं आणि शिक्का केलं. 1849 मध्ये ही शिक्षा बंद झाली. पण अंगावरची खूण टिपून माणूस ओळखायची सवय गेली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अख्ख्या जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं, आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून लदणी करत देशभर फिरणाऱ्या बंजाऱ्यांचे अनेक गट त्यात ओढले गेले. रेल्वेने त्यांचा धंदा नेला, कायद्याने अब्रू. ज्यांची नोंद झाली त्यांना हजेरी आणि फिरण्यासाठी परवाना आला. अशा दिवसांत हनुवटीवरचे ठिपके म्हणजे बाईच्या तोंडावर लिहिलेली जमात. देशाला स्वातंत्र्य 1947 साली मिळालं, या लोकांना 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणून 'विमुक्त'.

पुढच्या पिढीने पोरींना गोंदणं थांबवलं त्याला ही पार्श्वभूमी आहे. शाळेत, होस्टेलवर, नंतर पुण्या-मुंबईच्या नोकरीत 'कुठली गं तू?' हा प्रश्न हनुवटीकडे बघून विचारला जातो, हे आयांनी सोसलेलं होतं. शहरात गेलेल्या काही जणींनी लेसरने ठिपके काढून घेतले. लेसर काय करतो, तर ते मोठे कण फोडून बारीक करतो, म्हणजे शरीराला वाहून नेता यावेत. एका बैठकीत होत नाही, खर्चही होतो, आणि फिकट डाग राहू शकतो. मला यात कुणाला बोल लावावासा वाटत नाही. ज्या मुलीला धरून गोंदलं, तिला ते पुसायचा हक्क आहेच.

मग नातू तेच अंगावर परत का आणतो? तर तो तेच आणत नाही. एक तर पूर्वी गोंदण बायकांचं होतं, आता ही जाहीर अक्षरं मुख्यतः पोरांच्या हातांवर दिसतात. दुसरं, ठिपका अक्षर न ओळखणाऱ्यांनाही कळायचा, पण तो मुळात होता आपल्यातल्यांसाठी. अक्षर सगळ्यांना कळतं. वाशीमच्या कुठल्याही टॅटूवाल्याकडे तासभर बसा. एक जण 'जय भीम' काढून घेतो, शेजारी अशोकचक्र. दुसरा शिवाजी महाराजांची राजमुद्रा, अष्टकोनी, बारीक अक्षरांत, मशीनवाल्याचा घाम काढणारी. तिसरा 'जय सेवालाल'. तिघे एकाच कॉलेजचे असतील, एकाच टपरीवर चहा पीत असतील. ज्या गावात आडनाव विचारून माणसाची जागा ठरते, तिथे विचारायच्या आधीच उत्तर मनगटावर लिहून ठेवणं हा एक प्रकारचा ताठा आहे. 'जय भीम'मध्ये तो मला सरळ कळतो, कारण जे नाव लपवायला लावलं गेलं ते उघडं केलेलं आहे. राजमुद्रेच्या बाबतीत मी जरा घुटमळतो. राज्य करणाऱ्याची मुद्रा हातावर घेणं आणि हाकलल्या गेलेल्याचा जयजयकार घेणं, यांचं वजन एक नाही.

जगात इतरत्रही असं परतणं दिसतं. न्यूझीलंडच्या माओरी बायका हनुवटीवर गोंदतात, त्याला 'मोको काउआए' म्हणतात. ते जवळजवळ मिटत आलं होतं. 2016 मध्ये नानाइया माहुता या खासदारबाईंनी ते करून घेतलं आणि 2020 मध्ये त्याच हनुवटीने त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. आपल्याकडे हनुवटीवर गोंदलेली मंत्रीण अजून माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडचा पेच निराळाच आहे. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' गटात, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. माणूस तोच, बोली तीच, गोंदणही तेच. सप्टेंबर 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटियर मान्य झालं आणि त्याच आधारावर आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या, अशी मागणी घेऊन बंजारा समाज रस्त्यावर आला. जमात कशाला म्हणावं याच्या कसोट्या 1965 च्या लोकूर समितीपासून चालत आल्या आहेत. 'आदिम लक्षणं', वेगळी संस्कृती, बाहेरच्यांशी बुजरेपणा वगैरे. म्हणजे ज्या ठिपक्यांपायी आजीला मान खाली घालावी लागली, तेच आता संस्कृतीचा पुरावा म्हणून उपयोगी पडावेत, अशी वेळ.

आणि हे नुसतं प्रमाणपत्रापुरतं राहत नाही. लष्कराच्या भरतीत टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे चालतो. मात्र अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला त्याच्या जमातीच्या रीतीप्रमाणे अंगावर इतरत्र गोंदलेलं असलं तरी चालतं. निमलष्करी दलांत तर हातही ठरलेला आहे. आतल्या बाजूला गोंदलेलं फक्त डाव्या हातावर चालतं, कारण उजवा सलामीचा. आणि आकार त्या अवयवाच्या पाव हिश्शापेक्षा लहान हवा.

यात्रेतल्या मशीनवाल्याला यातलं सगळं पाठ असतं. सुई नवी आहे का, हे पोरं सहसा विचारत नाहीत. खरं तर ते आधी विचारायला हवं, कारण एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ आणि एचआयव्ही दोन्हींची भीती असते आणि त्यासाठीच टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. मशीनवाला मात्र पोराला एक प्रश्न हमखास विचारतो, भरतीला जायचंय का. पोरगा मान हलवतो. पहाटे मानोऱ्याच्या रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी तोही एक. मग मशीनवाला त्याने पुढे केलेला उजवा हात बाजूला सारतो, डावा ओढून घेतो, उलटा करतो आणि आतल्या गोऱ्या कातडीवर पेनाने अक्षरं लहान करून मांडायला लागतो.